कच्चा टाका

लातूरच्या त्या वेल्डरचं नाव मी विचारलं नाही. मुलाच्या टर्बो गाडीत इंजिनाला हवा पोचवणारा ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड आहे, त्याचा जोड दाबानं उकलला होता. मुलाला सुट्टी नव्हती, म्हणून तो भाग काढून घेऊन मीच गेलो.

वेल्डरनं जोड ब्रशनं घासून चकचकीत केला. मी बघायला वाकलो तर म्हणाला, "हात काढा, काका. तेलकट बोट लागलं की जोड धरत न्हाई." बोलायचं झालं की तो काचेचा मुखवटा कपाळावर सारायचा.

मी हळूच म्हणालो, "नुसता कच्चा टाका मारा. लई पक्कं नको."

खरं सांगतो, जोड उकलल्यापासून गाडीला जोर नव्हता, ती पळत नव्हती, म्हणून मला रात्री शांत झोप लागत होती. मुलगा फार जोरात चालवतो. त्याला हे मी कधी बोललो नव्हतो.

वेल्डरनं मुखवटा वर केला. "गाडी कोण पळवतंय? पोरगा?"

"व्हय."

"मंग पोराला सांगायचं ते माझ्या टाक्याला कशाला सांगायलात?"

त्यानं जोड पक्काच केला.

रविवारी किल्लारीला जाताना मी मुलाशेजारी बसलो. "हळू चालव. मला भीती वाटते."

"मग आधी सांगायचं ना, पप्पा," तो हसला आणि त्यानं गाडी हळू केली.

परतताना त्यानं ती पुन्हा पळवली. मी पुन्हा सांगितलं.