बांधायचा नाही म्हणून दिलेला कुत्रा

आमच्या मुलाला कुणीतरी सांगितलं की आई-वडिलांना अधूनमधून हवापालटाला पाठवावं. झालं! पुण्यात बसून मोबाइलवर त्यानं मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका पर्यटन केंद्रात आमचं शनिवार-रविवारचं बुकिंग करून टाकलं. डोंगरात पायी फिरायचं, चुलीवरचं जेवायचं आणि मुख्य म्हणजे कुत्रा बरोबर न्यायचा. "आई, तिथं कुत्र्यांचं स्वागत असतं," म्हणाला. मी म्हटलं, मग आपल्या पलूसमध्ये काय कुत्र्यांना बंदी आहे? पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हे घरात तोंड पाडून बसले होते. डॉक्टर चाला म्हणत होते आणि ह्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नव्हता. कुत्र्याच्या निमित्तानं तरी चालतील म्हणून मी हो म्हटलं.

कुत्रा आमचा धनगरी. कवठे महांकाळकडचं एक कुटुंब दर साली दिवाळीनंतर मेंढरं घेऊन आमच्याकडं येतं. ऊस तुटून रान मोकळं झालं की त्यात मेंढरं बसवतात. रानाला खत होतं, आम्ही त्यांना धान्य देतो. चार वर्षांपूर्वी त्या घरातल्या बाईनं हे पिल्लू माझ्या ओट्यात घातलं. मी पैसे विचारले तर तिला रागच आला.

"आवं, कुत्रं इकत्यात व्हय? न्या. फकस्त ह्येला कवा बांदू नगा. बांदला की निस्ता भुकत बसंल, राखायचं इसरंल."

मी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. तेव्हापासून ती आली की पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधी कुत्र्याच्या मानेवरून उलटा हात फिरवते, केस उलटे करून पट्ट्याची खूण बघते. मग हसते आणि म्हणते, "ऱ्हायलासा बाई शब्दाला." मला त्याचा किती अभिमान! शाळेत तीस वर्षं मुलांना शब्द पाळायला शिकवलेली बाई मी.

आणि कुत्राही तसाच. माणसं चालायला लागली की हा पुढं पळतो, मागं येतो, सगळ्यांभोवती एक वेढा घालतो. कुणी मागं राहिलं तर त्याच्यापाशी जाऊन भुंकतो. हे फौजेत होते, ते म्हणायचे, "गडी हजेरी घेतोय."

तर असे आम्ही तिघं शनिवारी केंद्राच्या फाटकात उतरलो. मॅनेजर आला, कुत्र्याकडं बघितलं आणि मला विचारतो, "हा तुमचाच आहे? मला वाटलं गावातला मागं लागून आलाय."

गाडीच्या मागच्या सीटवरून उतरलेला कुत्रा मागं लागून आला म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. लसीचे कागद त्याच्या हातात दिले तरी तो माझं तोंड आणि कागद आलटून पालटून बघत होता. बाकीच्यांचे तीन कुत्रे आले होते. त्यातल्या एकाला पुण्याच्या एका बाईनं गुलाबी रेनकोट घातला होता. त्याचे कागद कुणी मागितले नाहीत.

मग मॅनेजर म्हणाला, इथं पट्टा लागतो. मी म्हटलं, हा बांधायचा कुत्रा नाही. तसा शब्द दिलाय. तर ती रेनकोटवाली म्हणाली, "काकू, नियम सगळ्यांना सारखेच असतात ना." अगं बाई, सारखेच होते तर मघाशी फाटकात तुझ्या कुत्र्याला कुणी विचारलं का, तू कुणाच्या मागं लागून आलास म्हणून? पण मी गिळलं.

हे म्हणाले, "चल, परत जाऊ. मला काही हौस नाही."

तेव्हा जायला हवं होतं. पण मुलानं एवढ्या हौसेनं पाठवलं, कऱ्हाड-सातारा करत एवढ्या लांब आलो, ह्यांना चालवायचं म्हणून तर आणलं. आणि खरं सांगायचं तर त्या चार शहरी माणसांसमोर पाठ फिरवून जायची मला लाज वाटली. मॅनेजरनं खोक्यातून एक लाल पट्टा काढून दिला आणि तो मी घातला. माझ्या हातानं. कुत्र्याला वाटलं मी खाजवतेय, त्यानं मान आणखी वर केली.

रविवारी सकाळी मॅनेजरसकट सगळे डोंगरावर निघालो. वर पठारावर धुकं एवढं की दहा पावलांवरचं माणूस दिसेना. वाट दाखवणारा पुढं, त्याच्यामागं आम्ही, हे काठी टेकत शेवटी. थोडं चाललो असू, तोच कुत्रा मागं ओढायला लागला. भुंकतोय, माझ्याभोवती फिरतोय, पट्टा माझ्या पायांत गुंडाळतोय. रेनकोटवालीनं आपलं रेनकोटातलं बाळ उचलून कडेवर घेतलं. मॅनेजर ओरडला, "काकू, आवरा त्याला. ॲग्रेसिव्ह होतोय. म्हणून तर पट्टा लागतो."

सगळे माझ्याकडं बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पट्ट्याला हिसका दिला आणि त्याच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला. चार वर्षांत पहिला. तो गप्प झाला आणि माझ्या पायाशी चालायला लागला. "शहाणा आहे की," रेनकोटवाली म्हणाली.

कड्यावर पोचल्यावर सगळे फोटोला उभे राहिले, तेव्हा कळलं की हे नाहीत.

मी पट्टा ओढून काढला. कुत्रा सुटला तो बाणासारखा गेला, आणि त्याच्या भुंकण्यामागं आम्ही धावलो. हे वाटेच्या खालच्या ओघळीत बसले होते. घोटा सुजून टम्म, हात चिखलानं माखलेले, अंग थंडीनं कापत होतं. "किती हाका मारल्या," म्हणाले. वाऱ्यानं आम्हाला एकही ऐकू आली नव्हती. कुत्रा त्यांचं तोंड चाटत होता. त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी मला विचारलं, "आज ह्यानं हजेरी घेतली नाही काय गं?"

खाली आल्यावर मॅनेजरची कमाल बघा. कुत्र्यानं माणूस शोधला म्हणून त्याला त्यांच्या पेजवर फोटो टाकायचा होता. "फक्त पट्टा तेवढा घाला, नियमात दिसायला हवं," म्हणाला. तो पट्टा मी त्याच्या टेबलावर आपटला आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यालाही बोलले, रेनकोटवालीलाही बोलले. गाडीत पलूस येईपर्यंत माझं तोंड चालू होतं. हे एका शब्दानं बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखं फाटक उघडलं. आमचा कुत्रा फाटक उघडलं की कालव्याच्या दिशेनं सुसाट जायचा. तो गेला नाही. माझ्या गुडघ्याशी आला आणि मान वर करून उभा राहिला. मी म्हटलं, जा रे. तो हलेना. पट्टा नाही म्हणून मी माझे रिकामे हात दाखवले, त्याला ढकललं, स्वतः रस्त्यावर जाऊन उभी राहिले. तो आला, पुन्हा पायाशी उभा राहिला आणि पुन्हा मान वर केली. आज पंधरा दिवस झाले, रोज तेच. हे प्लॅस्टरचा पाय खुर्चीवर ठेवून बघत असतात.

दिवाळीनंतर आमच्या उसाला तोड आहे. रान मोकळं झालं की ती बाई येईल. दोन दिवसांत मानेवर कसली खूण पडते? उलटा हात फिरवला तरी तिला काही सापडायचं नाही. पण तिनं हात पुढं केला की हा तिच्याहीपुढं मान वर करून उभा राहील.