मोरूचा ब्रश आणि रोह्याचा सुजय

हमरापूरच्या मोरूचा हात गणपतीच्या डोळ्यांवर जेवढा ठाम, तेवढंच त्याचं मन बायकोच्या बाबतीत डळमळीत. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं, त्याच्यासारखी पंचक्रोशीत कुणाला जमत नाही. आता आमच्याकडे रीत अशी की घरचा गणपती दरवर्षी तोच लागतो. तीच सोंड, तोच पितांबर, तीच नजर. नजर जराशी बदलली तरी घरातल्या बाया म्हणतात, हा आमचा देव नाय.

"मला हरेक घरचा देव तोंडपाठ हाय," असं मोरू गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगे. खरं असं, की नम्रता, त्याची बायको, दरवर्षी प्रत्येक मूर्तीचा फोटो काढून लॅपटॉपवर ठेवायची आणि आखणीला बसताना हा तो लॅपटॉप शेजारच्या स्टुलावर उघडून घ्यायचा. "रंगाची छटा बघाया," म्हणायचा. नम्रताला ते खरंच वाटायचं.

यंदा ऐन रंगकामाच्या तोंडावर लॅपटॉप टिकटिक करायला लागला. एक फोटो उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. नम्रतानं फोन लावला तो थेट रोह्याला, सुजयला. सुजय तिच्या माहेरच्या आळीतला, कॉलेजात तिच्याच वर्गातला, आता त्याचं तिथं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. लग्नाआधी त्याचं स्थळ आपल्याला सांगून आलं होतं, हे तिनंच एकदा हसत हसत नवऱ्याला सांगितलं होतं. नवऱ्याला अशा गोष्टी हसत सांगू नयेत, रडतही सांगू नयेत.

"हार्ड डिस्क जातेय, नमू," फोनवर सुजय म्हणाला. "आता चालू करू नको, उघडू तर मुळीच नको. आहे तशी घेऊन ये. आधी आतलं सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेऊ, मग बाकीचं."

एवढ्या शहाण्या बोलण्यातले मोरूच्या कानात दोनच बोल शिरले, 'नमू' आणि 'घेऊन ये'.

"पेणात दुकानं नायत काय?" त्यानं विचारलं.

"हायत की. पन सुजय घरचा मानूस."

घरचा. मोरूच्या अंगाचा तिळपापड झाला. जेवताना त्यानं आमटी आळणी म्हणून बाजूला सारली, आणि आमटी काही आळणी नव्हती.

दुसऱ्या दिवशी नम्रता रंग आणायला पेणच्या बाजारात गेली, तसा मोरूनं स्क्रू-ड्रायव्हर काढला. आपण इथंच दुरुस्त केला तर रोहा कशाला, हा साधा हिशोब. मूर्तींच्या कारखान्यात प्लास्टरची धूळ सगळीकडे बसते, पंख्यात, मिक्सरात, भाताच्या पातेल्यात. लॅपटॉपच्या पोटातही तीच असणार. त्यानं डिस्क बाहेर काढली, तिचं झाकणही उचकटलं. आत आरशासारखी चकती. त्यानं मूर्तींना रंग मारायच्या कॉम्प्रेसरची हवा तिच्यावर सोडली, आणि वर कोपऱ्याकोपऱ्यातून आपला आखणीचा ब्रश फिरवला. तो ब्रश तो दुसऱ्या कुणाला शिवूही देत नसे. झाकण बसवून बटण दाबलं तेव्हा टिकटिक थांबली होती. मोरू क्षणभर खूश झाला. मग काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली, डिस्क सापडत नाही.

आता रोह्याला जाणं आलंच. मोरू मोटरसायकलवर नम्रताला मागं बसवून निघाला, तिला एकटीला थोडाच सोडणार होता.

"या भावोजी, बसा," सुजयनं खुर्ची पुढं केली. मोरू उभाच राहिला. सुजयनं डिस्कचं झाकण उघडलं, भिंग लावलं आणि चिमट्यानं एक बारीक केस बाहेर काढला.

"हा ब्रशचा दिसतोय."

नम्रतानं तो केस ओळखला. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"नवी डिस्क टाकून लॅपटॉप सुरू करून देतो," सुजय म्हणाला. "पण जुनी चकती ओरखडलीय. मुंबईत एक जागा आहे, त्यांच्याकडं धूळ नसलेली खोली असते. ते बघतील. थोडेफार फोटो मिळाले तर मिळाले. पाठवू?"

मोरूचं तोंड उतरलं. तेवढ्यात नम्रता पदर सावरून म्हणाली, "नसले फोटो तर नसले. आमच्या ह्यांना फोटो लागत नायत, सुजय. शंभर घरचे डोळे ह्यांच्या डोक्यात हायत. असा मानूस अख्ख्या पेण तालुक्यात नाय."

सुजयनं मोरूकडे कौतुकानं पाहिलं. मोरूला वाटलं, हेच ऐकायला आपण इतकी वर्षं तडफडत होतो, आणि तेही ह्याच्यासमोर. "व्हय, नको पाठवू," तो ऐटीत म्हणाला. नवी डिस्क बसवलेला लॅपटॉप घेऊन दोघं निघाली. जुनी डिस्क सुजयच्या टेबलावरच राहिली.

नागोठण्यापर्यंत मोरू हवेत होता. पुढं त्यानं सहज मनाशी पहिलं घर घेतलं, गागोद्याचं. डोळे लांबट की टपोरे? मग वडखळचं घेतलं. तिथं गागोद्याचेच डोळे आले. तिसऱ्या घराला नजरच येईना. वडखळच्या नाक्यावर त्यानं गाडी कडेला घेतली.

"काय झालं?" नम्रतानं विचारलं.

"परत जाऊया. रोह्याला."

"कशाला?"

"सुजयच्या पाया पडाया," मोरू पुढं बघतच म्हणाला. "मला एकबी डोळा आठवत नाय गो."