सांग, कोण खोटं बोलतंय?

मित्रांनो, आज बडोद्याच्या कोर्टात माझा आणि वैशालीचा घटस्फोट झाला. दोघांच्या संमतीने.

मी सातवी नापास, घरापासून लांब इथे मकरपुऱ्यात कंपनीत कामाला. पुस्तकांचा नाद मला वैशालीनेच लावला. निजामपुऱ्याला माहेरी गेली की कोर्टातल्या खटल्यांच्या रहस्यकादंबऱ्या घेऊन यायची आणि मला वाचून दाखवायची. साक्षीदार पिंजऱ्यात आला की पान हाताने झाकायची.

"सांग, कोण खोटं बोलतंय?"

माझं कायम चुकायचं. मग हसायची. "अरे वेड्या, जो विचार न करता लगेच हो म्हणतो ना, त्याच्यावर नजर ठेवायची!"

त्या पुस्तकांत खोटं शेवटी पकडलं जातंच. म्हणून तर आवडायची मला.

पण मी एका नोकरीत कधी टिकलो नाही. दर वेळी नवं गाव, नवी खोली. शेवटी ती थकली.

आज जजसाहेबांनी विचारलं, "राजीखुशीथी ने?" म्हणजे मर्जीने वेगळे होताय ना?

वैशाली जरा थांबली, मग हो म्हणाली.

मी लगेच हो म्हणालो.

कादंबरीत अशा वेळी वकील उठतो आणि अजून एक प्रश्न विचारतो. मी वाटच बघत होतो. आमच्या वकिलाने फाईल बंद केली.

बाहेर पडताना वैशालीने एकदा वळून माझ्याकडे बघितलं.

मी लगेच हो म्हणालो, हे तिच्या लक्षात आलं असेल ना? तुम्हाला काय वाटतं?