डिस्क कपाटात होती

धुळ्याचे आबा महिन्यातून एकदा एस.टी.ने जळगावला यायचे. शर्टाच्या वरच्या खिशात रेकॉर्डर, त्यावर रुमाल, रुमालावर सेफ्टी पिन. निवृत्त शिक्षक. गावोगावच्या म्हाताऱ्यांचं अहिराणी बोलणं रेकॉर्ड करायचं आणि आमच्या संस्थेच्या सर्व्हरवर ठेवायचं, हा त्यांचा उद्योग. सर्व्हर माझ्या ताब्यात. शेवटच्या वर्षी दसऱ्यानंतर ते फक्त एकाच माणसाला रेकॉर्ड करत होते. धरणगावकडच्या एका खेड्यात राहणारी त्यांची थोरली बहीण, अक्का. ती अंथरुणाला खिळली होती.

आबांकडे मेमरी कार्ड एकच. फाइली सर्व्हरवर उतरवून झाल्या की ते दर वेळी विचारायचे, "बठ्ठं शे ना? डिलीट करू?"

"सगळं आहे, आबा. करा. दोन ठिकाणी आहे."

दोन ठिकाणी म्हणजे सर्व्हरवर आणि त्याला लावलेल्या यूएसबी डिस्कवर. रोज पहाटे एक छोटी स्क्रिप्ट चालायची आणि नवीन काही आलं असेल ते डिस्कवर उतरवायची. सकाळी मी लॉग, म्हणजे तिने केलेल्या कामाची नोंद, बघायचो. यशस्वी. मग चहा.

दसऱ्याला आमच्याकडे प्रत्येकाने आपापलं हत्यार पूजेला ठेवायची पद्धत. ड्रायव्हरने गाडीची किल्ली ठेवली, टायपिस्टबाईंनी कीबोर्ड, झाडणाऱ्या मावशींनी केरसुणी. सर्व्हर उचलून आणणं शक्य नव्हतं म्हणून मी डिस्क आणली. सर्व्हरपासून नीट अनमाउंट करून, घाई न करता. त्याचा मला अभिमानच वाटला होता.

मावशी म्हणाल्या, "साहेब, एवढंसं हत्यार? माझं बघा, लांबून दिसतं!"

"मावशी, त्यात अख्खी संस्था आहे," मी म्हणालो.

"मग केर पण असेलच की त्यात!"

सगळे हसले. डिस्कवर हळदकुंकू पडलं, झेंडूचं फूल पडलं. कुंकू आत जाऊ नये म्हणून मी ती रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. सुट्टीनंतर लावू म्हटलं.

लावली नाही. विसरलो. माझ्या बाजूने बोलायचं तर एवढंच आहे.

सर्व्हर ज्यावर चालतो त्या लिनक्समध्ये बाहेरची डिस्क एका रिकाम्या फोल्डरवर बसवतात. डिस्क काढून घेतली तरी फोल्डर जागेवरच राहतो. स्क्रिप्टला त्याचं काही नव्हतं. सांगितलेल्या फोल्डरमध्ये ती रोज इमानाने कॉपी टाकत राहिली. फक्त आता तो फोल्डर सर्व्हरच्याच पोटात होता. दोन कॉपी होत्या, पण एकाच लोखंडावर. डिस्क जागेवर नसेल तर थांब, अशी एक ओळ स्क्रिप्टमध्ये हवी होती. ती मला येत होती.

आणि आजवर कोणाला सांगितलं नाही ते हे. दसऱ्यानंतरच्या पहिल्या लॉगमध्ये कॉपीला लागलेल्या वेळात मिनिटांच्या जागी तास होते. रिकाम्या फोल्डरमध्ये सगळं पहिल्यापासून उतरत होतं, दुसरं काय? मी तो आकडा पाहिला होता. मशीन उकाड्याने मंद झालं असेल म्हणालो आणि लॉग बंद केला.

हिवाळ्यात अक्का गेली. आबा तेराव्यानंतर आले, शेवटचं रेकॉर्डिंग उतरवलं, विचारलं, "डिलीट करू?" आणि मी म्हणालो, करा.

मे महिन्यात एका दुपारी आबा तसेच गप्पा मारायला आले होते. मी फोनवर होतो, म्हणून त्यांनी रेकॉर्डरची वायर स्वतःच सर्व्हरला लावून पाहिली. दुसऱ्या दिवशी सर्व्हरची डिस्क गेली. आतलं काढता येतं का बघायला पुण्याला पाठवली, तशीच परत आली. मी कपाट उघडलं. रुमालात वाळलेल्या पाकळ्या होत्या आणि दसऱ्यापर्यंतचं सगळं होतं. शेकडो म्हातारे होते. अक्का नव्हती.

आबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बारीक आवाजात म्हणाले, "भाऊ, मी वायर लायी व्हती. मना हातनं तं नही बिघडनं?"

मी म्हणालो, "होऊ शकतं, आबा."

एवढे तीनच शब्द. त्यानंतर आबा आले नाहीत. रेकॉर्डर त्यांनी कोणाला तरी देऊन टाकल्याचं कानावर आलं. मी नवी डिस्क घेतली, स्क्रिप्टमध्ये ती ओळ घातली. लोक म्हणाले, साहेब फार काळजी घेतात.

दोन वर्षं अशीच गेली. मागच्या महिन्यात धुळ्याला गेलो. वाटेत पारोळ्यापर्यंत वाक्य जुळवत होतो, पुढे तेही सोडलं. आबा ओट्यावर बसले होते. मला बघताच हात जोडले. "ये भो, बस. मना हातनं तुमनं मशीन गयं..."

"आबा, तुमच्या हातून काही झालं नाही." मग मी सगळं सांगितलं. दसरा, रुमाल, तो तासांचा आकडा, फोनवरचं खोटं. मला वाटलं होतं शिव्या देतील. मी शिव्यांसाठीच गेलो होतो.

ते रागावले नाहीत. समोरच्या रस्त्याकडे बघू लागले. मग म्हणाले, "आते तिनं तोंड दिसस माले, आवाज नही येत." आणि माझ्याकडे वळून, एकदम आशेने, "तू तरी ऐकं व्हतं का तिले?"

मला फाइलींची नावं पाठ होती. 'अक्का, पाणी भरणं'. 'अक्का, सासूच्या शिव्या'. 'अक्का, गुरांना हाका'. कोणती किती एमबीची, तेही आठवत होतं. हो म्हणता आलं असतं. खोटं बोलायची सवय होतीच.

"नाही, आबा. एकही उघडली नाही."

त्यांनी मान हलवली, शाळेत चुकलेलं उत्तर ऐकल्यावर हलवत असतील तशी.

"मंग ती गयीच," आबा म्हणाले, आणि काठी शोधत आत गेले.