खोडलेल्या नावांचं हळदीकुंकू

पुंडलिकनगरात माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याइतका निरुपद्रवी माणूस दुसरा नव्हता, आणि अख्ख्या गल्लीला घाम फोडला तो त्यांनीच. एका कंपनीत चौतीस वर्षं ते स्टोअरकीपर होते. त्यामुळे आलेला माल आणि गेलेला माल, यापलीकडे जगात काही असतं हे त्यांना मान्य नव्हतं. घरातल्या मिठाच्या बरणीवरही तारखेची चिठ्ठी. कोथिंबीर मागायला गेलं तर किती पाहिजे आणि कशासाठी पाहिजे, हे विचारल्याशिवाय काडी सुटायची नाही. गोदामातला ‘आधी आलेलं आधी बाहेर’ हा नियम त्यांनी पाहुण्यांनाही लावला होता. एकदा त्यांची सख्खी मेहुणी पैठणहून सकाळी आली. दुपारी दुसरे पाहुणे येऊन टेकले, तर यांनी मेहुणीची पिशवी उचलून सरळ दारात नेऊन ठेवली. मैत्रीण कपाळाला हात लावायची. म्हणायची, “हे रिटायर झाले की मलाच चिठ्ठी लावून फळीवर ठेवतील बघ!”

ते रिटायर झाले आणि तीनच महिन्यांत तीच गेली. संक्रांत आठवड्यावर आलेली, हसतीखेळती बाई, आणि सकाळी उठलीच नाही. मला कितीतरी दिवस ते खरं वाटेना. भाऊजी ओट्यावर बसून असायचे. “नंबर माझा होता वहिनी, मी सहा वर्षांनी मोठा,” एवढंच बोलायचे. बरण्यांवरच्या तारखा जुन्या होत गेल्या. एकदा मी कोथिंबीर मागितली, तर काही न विचारता त्यांनी अख्खी जुडी हातात ठेवली. हा माणूस काही फार दिवस काढत नाही, असं मी घरी येऊन लेकीला फोनवर सांगितलंही.

वर्षश्राद्ध झाल्यावर कपाट आवरताना त्यांना दोन गोष्टी सापडल्या. संक्रांतीच्या वाणासाठी तिनं आणून ठेवलेल्या एकेचाळीस चहाच्या गाळण्या, आणि हळदीकुंकवाला बोलवायच्या बायकांच्या नावांची वही. झालं! माल आलेला आणि वाटप राहिलेलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्या दारात हजर.

“वहिनी, उद्या चारला या आमच्याकडं. हळदीकुंकू ठिवलंय.”

आत माझं दूध उतू गेलं, तरी मी जागची हलले नाही. एक तर पुरुष हळदीकुंकू करतो हेच मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यात माझे यजमान जाऊन चार वर्षं झालेली. चार वर्षांत मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं.

“भाऊजी, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?”

“यादीत नाव हाय तुमचं, खोडलेलं. आमच्या स्टोअरला खोडलेलं नाव म्हंजी ज्याला माल मिळाला नाय तो. त्याला पुढच्या खेपेला पैलं द्यायचं. अशा सात जणी हायेत.”

साती जणी विधवा, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. आधी सातही घरी ते स्वतः जाऊन आले, मग यादीतल्या बाकीच्यांकडे. संध्याकाळपर्यंत गल्लीत असा हलकल्लोळ माजला की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही सात जणी फाटकाशी, आमच्या मागे ठेवणीतल्या साड्यांमधल्या बाकीच्या, आणि पाऊल कुणाचंच पुढे पडेना. आत भाऊजी गाळण्यांच्या चवडीशेजारी ताठ बसलेले, नजर फाटकावर. कुणीच आत गेलं नसतं तर तो माणूस पुन्हा उठला नसता. शेवटी आमच्या सात जणींतल्या सगळ्यात थोरल्या, फुलंब्रीच्या आजी पुढे सरकल्या. “सरा गं! माझी गाळणी लई दिसाची फाटलीया.” त्यांच्यामागून आम्ही. भाऊजींनी करंडा पुढे केला, “तुमचं तुम्ही लावून घ्या.” मी हळद लावली. कुंकवाला काही हात गेला नाही. पण बाकीच्याही आल्या, चाळीस गाळण्या गेल्या, आणि वर्षभरात पहिल्यांदा मी भाऊजींना कुणावर तरी खेकसताना ऐकलं. “रांग मोडू नका!”

सगळ्या गेल्यावर मी वही पाहिली. माझं नाव, तिच्या अक्षरातलं, पट्टी लावून सरळ रेघेनं खोडलेलं. रोज सकाळचा चहा आम्ही बरोबर घ्यायचो. दर संक्रांतीला ती मला तिळगूळ पाठवायची, बोलवायची मात्र नाही, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मला तिचा भयंकर राग आला आणि तितकीच तिची आठवणही आली.

“पण नेमक्या या सात जणीच कशा राहिल्या, वहिनी?” भाऊजींनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी वही स्वतःकडे घेतली आणि त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, “म्हंजी मी आधी गेलो असतो, तर तुम्ही तिचं नाव खोडलं असतं?”

खोटं बोलता आलं असतं. पण यजमान होते तेव्हा माझीही अशीच वही होती, आणि तिच्यात मी स्वतःच्या हातानं चार नावं खोडली होती.

“खोडलं असतं,” मी म्हणाले.

त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं आणि पुढच्या वर्षासाठी म्हणून पहिलं नाव तिचंच लिहिलं. मग पेन तसंच धरून बसले. मी वही माझ्याकडे ओढून घेतली आणि माझ्या त्या चौघींची नावं लिहिली. त्यातल्या दोघी आता नाहीत, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.