युक्काचे तीन तुकडे

"घाई नको गो, सुकू दे आधी!" शेजारचे अण्णा कशालाही हेच म्हणत. छत्री भिजली, सुकू दे. माझं नवऱ्याशी भांडण झालं, तरी सुकू दे. भांडण कसं सुकतं हे मला अजून कळलेलं नाही, पण दोन दिवसांनी सुकायचं खरं.

मी घाटकोपरच्या चाळीत नवी नवरी होऊन आले, तेव्हाची ही गोष्ट. अण्णा मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले, एकटे. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि घासलेटच्या डब्यात युक्काचं झाड. पानं तलवारीसारखी, टोकं अशी की गाल फाडतील. त्यांची बायको एका बंगल्यात स्वयंपाकाला जायची. तिथल्या माळ्याने छाटून टाकलेला वीतभर दांडा तिने आणून लावला होता. ती गेली आणि झाड वाढत वाढत छताला टेकून वाकलं. पण अण्णा त्याला सुरी लावू देत नसत. "तिने लावलंय," एवढंच म्हणायचे.

शेवटी शेंडा दारातून गॅलरीत आला आणि एका पोराच्या डोळ्याखाली पान घुसलं. डोळा वाचला, नशीब! पण घरमालक म्हणाला, "झाड काढा, नाहीतर खोली सोडा."

खोड मी धरलं. अण्णांची करवत दोनदा घसरली, तेव्हा मी म्हटलं, "द्या ती करवत इकडे." दिली नाही. पुन्हा लावता यावेत म्हणून स्वतःच तीन तुकडे केले, प्रत्येकाच्या वरच्या टोकाला चुन्याचं बोट लावलं, कारण उलटा लावला की तुकडा मेलाच. डब्यात वीतभर बुंधा ठेवला. तोही फुटेल म्हणाले. तुकडे खाटेखाली सावलीत ठेवले.

दुसऱ्याच दिवशी गावाहून तार आली, भाऊ अत्यवस्थ. निघताना किल्ली माझ्या हातात दिली. "काप पुरता सुकला पाहिजे. मी येईपर्यंत पाण्याचा थेंब नको. तिचं एवढंच राहिलंय गो माझ्याकडे."

चार दिवस मी ऐकलं. मग शेंड्याची पानं मान टाकायला लागली. आमच्या सासूबाई दारात आलेल्या पोस्टमनलाही पाणी दिल्याशिवाय सोडत नसत. त्यांचा जीव वरखाली. "अगं, मुकं आहे म्हणून तहानलेलं ठेवायचं? पाप लागेल!" मलाही बघवेना. तुकडे बादलीत उभे केले, बुंध्यावर रोज तांब्याभर पाणी ओतलं. काय अक्कल पाजळली मी!

अण्णा भावाचं सगळं करून पंधरा-वीस दिवसांनी आले. पुढे आठवड्याभरात ते खोली सोडून कायमचे गावी गेले, पण त्या दिवशीचं सांगते. त्यांनी तुकडा दाबला, बोट आत गेलं. बुंधाही तसाच, मऊ. खोलीभर कुजका वास सुटला.

"अण्णा, मला वाटलं, तहान लागली असेल," मी रडतच म्हटलं. तुम्हाला वाटेल, ते भडकले असतील. मीही त्याचीच वाट बघत होते.

ते खाटेवर बसले. "तीपण पाणी मागायची. पोटाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, थेंब देऊ नका. दोन दिवस मागत होती गो. मी नाही दिलं. तिसऱ्या दिवशी गेलीच. तू दिलंस. बरं केलंस."

मी घरातून तांब्या भरून आणला, त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. प्यायले मात्र नाहीत.