बिरूनं मधेच तोडलेली यादी

बिरू मला कधी आवडलाच नाही, हे आधीच सांगतो. धनगराचं पोर. बाप येडबा मेंढरं राखत मेला, आई बानूबाई लोकांच्या रानात रोजानं जायची. ह्यानं कुठून परीक्षा दिल्या देव जाणे, एक्क्याण्णवला आमच्या परभणीच्या कचेरीत आला, तो थेट मशीनच्या गार खोलीत. आम्ही कारकून घामानं चिंब, आणि ह्याला कूलर!

गच्चीवर तेव्हा उपग्रहाची नवी छत्री बसली होती आणि बिरूच्या टेबलावर मोडेम. सगळ्या खात्यांचे निरोप फ्लॉपीवर त्याच्याकडं यायचे आणि उपग्रहावरून मुंबईला जायचे. वाट एकच. एक निरोप चालू असला की बाकीच्यांनी थांबायचं. कुठला आधी सोडायचा, ते बिरू क्रमाचा आकडा देऊन ठरवायचा.

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदोबस्ताचे निरोप पहिले, हा वरचाच हुकूम होता. पण बाकी कचेरी काय कमी? पंखा दुरुस्तीच्या अर्जावरसुद्धा लाल शाईनं 'अत्यंत तातडीचे'. बिरू लाल शाईकडं बघायचाच नाही. मजकूर वाचायचा आणि आपल्या अकलेनं आकडा द्यायचा. माझे साहेब व्यंकटराव, घरची ऐंशी एकर काळी, त्यांनाही हा थांबा म्हणायचा! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी त्याला झापलंच, तू कोण लागून गेलास म्हणून.

तो शांतपणे म्हणाला, "सटवाजीभाऊ, जाळीच्या वाड्यात मेंढरं घेताना आमी कोकरं आधी घेतो. दांडगी आधी सोडली की तुडवित्यात."

ब्याण्णवच्या जूनमध्ये साहेबांची बदल्यांची यादी चालली होती. नव्वद पानं, तासाभराचं काम. फ्लॉपी मीच नेली होती, म्हणून तिथंच बसलो होतो. तेवढ्यात आरोग्य खात्याचा कागद आला. राणीसावरगावात गॅस्ट्रो, सलाईन संपलं, लगेच पाठवा. तीन ओळी. नियम असा की चालू निरोप तोडायचा तर तो धाडणाऱ्या खात्यानं हो म्हटलं पाहिजे. खात्याचा माणूस तिथं मीच, म्हणून बिरूनं मला विचारलं. मी म्हणालो, तोड.

त्यानं यादी तोडली, तीन ओळी पाठवल्या, मग यादी पहिल्यापासून लावली, तुटलेली मधूनच लागत नसे. पलीकडची मुंबईची कचेरी साडेपाचला बंद व्हायची. यादी अर्धीच पोचली आणि साहेबांच्या बदल्या अडकल्या. बाटल्या पहाटे गावात आल्या. कुणी दगावलं नाही.

चौकशी लागली. बिरू अजून कायम झाला नव्हता, नोकरी माझ्या एका शब्दावर होती. व्यंकटरावांनी मला आदल्या दिवशी घरी बोलावून चहा पाजला. मी जबाब दिला, मला विचारलंच नाही.

"भाऊ, तुमीच तर हो म्हनलात," बिरू एवढंच बोलला. त्याला काढला. पंधरा दिवसांचं शिक्षण देऊन त्याच्या खुर्चीवर मला बसवलं. मी लाल शाई बघून आकडे द्यायला लागलो आणि कचेरी लय खूश झाली.

पुढच्याच साली साहेबांची यादी चालली होती आणि साहेब स्वतः शेजारी बसले होते. आरोग्याचा कागद आला. ह्या वेळी पोखर्णी. मी तोडू का म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, संपू दे की. यादी साडेपाचला संपली. तीन ओळी सकाळी गेल्या. पोखर्णीत तिघं मेली. माझी चौकशी झाली नाही, मी नियमानंच वागलो होतो.

त्यानंतर महिन्याभरानं पूर्णा स्टेशनावर बिरू भेटला. रुळाच्या कामावर रोजंदारी करायलाय म्हणाला. पोखर्णीचं त्याच्या कानावर आलं होतं. निरोप किती ओळींचा होता, ते त्यानं विचारलं. मी सांगितलं. आता हा शिव्या घालील, म्हणून मीही अस्तन्या सावरून उभा होतो.

"राणीसावरगाव तुमी हो म्हनलात म्हनून वाचलं, भाऊ," तो म्हणाला. "चौकशीत ते तरी आपलं म्हनायचं होतं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. भर फलाटावर मी त्याला आईवरून शिवी हासडली. तो गाडीत चढला. गाडी सुटली तरी मी तिथंच उभा राहून शिव्या देत होतो.